जाळी काढलेली व्हॅन

मोठी बहीण सातवी पास झाली त्या उन्हाळ्यात याडीने तिचं दप्तर धुऊन दोरीवर वाळत घातलं, आणि नंतर त्यात तुरीचं बियाणं भरून ठेवलं. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात आणि वडिलांना बापू. तांड्यातली शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी दारव्ह्याला जावं लागायचं, नऊ किलोमीटर. फाट्यावर एसटी थांबायची, पण ती कधी येईल याचा नेम नाही, आणि फाटाच तांड्यापासून अडीच किलोमीटर. मुलगे सायकलने जायचे. मुली कापूस वेचायला जायच्या. बहिणीला कुणी "शाळा सोड" असं म्हटलं नाही. जून आला, वह्या आल्या नाहीत, आणि तिने आपली आपण कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली.

घरात खायचे हाल होते हे वेगळं सांगत नाही. कोरडवाहू जमीन, एका वर्षी पेरणी तीनदा, आणि जे पिकलं त्याला भाव नाही. भाव येईल म्हणून तांड्यातल्या प्रत्येक घरात पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरून असायचा. आम्ही त्या कापसाला पाठ लावून जेवायचो. रात्री कापसाचे किडे अंगावर यायचे, सकाळी अंगभर खाज. पाहुणा आला तर त्याला अंगणातच बसवायचं, कारण आत माणसाला जागा नव्हती.

बापू शेतीसोबत दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ड्रायव्हर होता. तिथल्या कारकुनांना आणायची-सोडायची एक पेट्रोलची जुनी व्हॅन तो चालवायचा. कापूस पुरेनासा झाला तसं ते जिनिंग बंद पडलं. मालकाकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून त्याने थकलेल्या पगाराच्या जागी व्हॅनच बापूला देऊन टाकली. बापू ती घेऊन तांड्यात आला तेव्हा लग्नाची वरात यावी तशी माणसं गोळा झाली. याडीने चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. बापू खाली उतरला आणि पहिली गोष्ट बोलला ती ही:

"आता एकही पोट्टी सातवीनंतर घरी नाही बसणार."

घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून तांड्याचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे. बापूचं ते वाक्य कुठल्याही बोलीत तेवढंच सरळ होतं. बहीण मागे उभी होती. ती तेव्हा अठरा वर्षांची. तिच्यासाठी उशीर झाला होता हे बापूला कळत होतं, म्हणूनच तो तिच्याकडे पाहत नव्हता.

मी त्याच वर्षी सातवी पास झाले होते; चौथ्या वर्षापर्यंत अशा आम्ही सात जणी झालो. पाच जणी आठवी-नववीच्या, उरलेल्या दोघींपैकी एक दहावीची आणि एक मी, अकरावी सायन्सला. माझं कॉलेज सकाळी साडेसातला, म्हणून सगळ्याच साडेसहाला निघायच्या. शाळेच्या मुली मग शाळेच्या व्हरांड्यात बसून अभ्यास करायच्या. दिवसभर बापू त्या व्हॅनमध्ये दारव्ह्याच्या सवाऱ्या मारायचा आणि संध्याकाळी आम्हाला घेऊन परत. बहिणीच्या त्या दप्तरातलं बियाणं काढून मी ते वापरायला घेतलं होतं. तळाशी एक-दोन तुरीचे दाणे नेहमी सापडायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी बापू जेवायला घरी आला आणि व्हॅन नेहमीच्या जागी, कुडाजवळ लावली. तिथे मागल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कापसाच्या झाडांचा, सरपणासाठी ठेवलेला ढीग होता, आणि त्यातल्या काही खाली पसरलेल्या. बापूचा पहिला घास तोंडात, आणि बाहेरून शेजारची काकू ओरडली, "अवो, गाडी पेटली वो!"

गाडी पेटली नव्हती. गाडीखालच्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या. याडीने बैलांपुढची पाण्याची घमेली उचलून ओतली, बापूने व्हॅन ढकलत मागे घेतली, आजाने माती टाकली. पाच मिनिटांत सगळं विझलं. पण ज्या तांड्यात प्रत्येक घरात कापूस कोंबलेला आहे तिथे पाच मिनिटांची आगसुद्धा माणसाचं रक्त गोठवते. वारा दुसरीकडून असता तर आमचा अख्खा तांडा गेला असता. त्या दिवशी सगळे अंगणात बसून राहिले, कुणी घरात जायला तयार नव्हतं.

बापू दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. मी सोबत होते, कॉलेज सुटल्यावर. दारव्ह्याचा हा मिस्त्री बापूचा जुना दोस्त. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलू लागला.

"भाऊ, ह्या जाळीनं पेटलं. सायलेन्सरमंधी जाळी असते ना, धूर साफ करायची. ते तापते, तव्यासारखी लाल होते."

"मग?"

"मग काय, काढून टाकू. समद्याइच्या काढल्या मी. इंजनचा दम घोटते ते. काढली का गाडी उडते पाहा."

"काही नुकसान?"

"नुकसान कायचं? पीयूसीवाला तं गाडी न पाहताच चिठ्ठी देते."

त्याने सायलेन्सरचा डबा कापला आणि सब्बल घालून आतली जाळी फोडून काढली. मधमाशांच्या पोळ्यासारखी होती ती, बारीक बारीक भोकांची, पण चिनीमातीची. तुकडे जमिनीवर पडले. मला त्यातला एक इतका आवडला की मी तो कंपासपेटीत टाकला. बाकीचे मिस्त्रीने पोत्यात भरून बाजूला ठेवले. यवतमाळचा भंगारवाला ते घ्यायला येतो, त्याच्यात महागाचा धातू असतो म्हणे. रिकामा डबा परत जागेवर लावून वेल्डिंग केलं आणि बापूने गाडी सुरू केली. आवाज मोकळा, भारदस्त. चढावर पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे गाडी तिसऱ्यावर चढली. बापू लहान पोरासारखा हसला. तांड्यात सांगितलं, "भीती गेली. काढून टाकली ते." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग थंडी पडली. काचा बंद करून आम्ही सात जणी मागे अंगाला अंग लावून बसायचो. पहिल्यांदा आठवीतली सगळ्यात लहान मुलगी ओकली. आम्ही म्हटलं, शिळी भाकर खाल्ली असेल. मग दुसरी. मग माझं डोकं दुखायला लागलं, रोज, उतरल्यावर तासभर. फळ्यावरची अक्षरं हलायची. दहावीची मुलगी व्हरांड्यात अभ्यासाला बसायची आणि तिथेच झोपून जायची. रविवारी सगळ्या ठणठणीत, सोमवारी परत तेच.

तांड्यातल्या बायकांनी त्याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. विहिरीवर एकच बोलणं:

"पुस्तकानं डोस्कं फिरून राह्यलं पोट्ट्याइचं."

"पोट्टीच्या जातीले एवढं शिकणं झेपते का वो?"

"मायी तं मी संक्रांतीनंतर धाडत नाही. वेचणीले येईन, डोस्कं बी राहीन जागेवर."

दोन घरांनी तसं बापूला सांगूनही टाकलं. बापू रात्री जेवला नाही. माझ्या बहिणीनेच मला हळूच म्हटलं, "माह्यावक्ती गाडी नव्हती. आता गाडी हाये तं डोस्कं आडवं आलं." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात केमिस्ट्रीच्या सरांनी उत्प्रेरक शिकवायला घेतला. स्वतः न संपता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणतो तो. उदाहरण म्हणून ते म्हणाले, "पेट्रोलच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी." माझा हात आपोआप कंपासपेटीकडे गेला. तास संपल्यावर मी तो तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा कुठून आणलास?"

"आमच्या गाडीतला आहे सर. काढून टाकली आम्ही."

"त्या गाडीत तू बसतेस?"

"आम्ही सात जणी बसतो."

सर खुर्चीवर बसले. त्यांनी मला अगदी सावकाश सांगितलं की धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. ही जाळी त्याचं बरंचसं रूपांतर करून टाकते. ती नसली, आणि धूर कुठून आत येत असला, तर डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, झोप येते. त्यापुढे काय होतं तेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "काचा उघड्या ठेवा आजपासून. आणि वडिलांना सांग."

सांगणं सोपं नव्हतं. गाडी बापूची, अभिमान बापूचा. संध्याकाळी मी पुढच्या सीटवर बसले, सगळ्या काचा उघडायला लावल्या आणि बोलले.

"कॉलेजात आता गाड्याइचं बी शिकवून राह्यले का?" बापू म्हणाला. "मी रोज बसतो ना गाडीत? मले काहून नाही होत?"

"तुम्ही पुढं बसता बापू. तुमची काच रोज उघडी असते."

त्याने आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं आणि गाडी जोरात काढली. मला वाटलं, रागावला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सोडल्यावर बापूने जे केलं ते मला मिस्त्रीने नंतर सांगितलं, आणि मिस्त्री थापा मारणारा माणूस असला तरी यात त्याने एक अक्षर जोडलं नाही हे मला माहीत आहे. बापू त्याच्याकडे गेला, चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू चालव. तांड्यापर्यंत आन् वापस."

"आन् तुमी?"

"मी मांगं बसतो. मायी पोट्टी बसते तिथं."

मागची सीट, पार कोपऱ्यात. काचा बंद. मिस्त्री हसत होता, म्हणाला, "भाऊ, आज साहेब झाले का?" जाताना बापू बोलत होता. येताना बोलणं बंद झालं. नदीच्या पुलाजवळ बापूने त्याच्या खांद्यावर हात मारला. गाडी थांबली. बापू उतरला, पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि ओकला. मग तिथेच खाली बसला.

"पंधरा वर्स झाले गाडी चालवून राह्यलो," तो मिस्त्रीला म्हणाला, "मांगच्या सीटवर कधी बसलोच नाही."

मिस्त्रीने मग तिथेच पायपुसणं उचलून पाहिलं. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून त्याला भोकं पडली होती, आणि डब्याचं त्याने केलेलं वेल्डिंग एका बाजूने सुटलं होतं. धूर सरळ आमच्या पायांशी येत होता.

आता पुढचं. आमच्या तांड्यात काही वाद झाला की नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, माणसं बोलावतो. त्या बैठकीला नसाब म्हणतात. ज्याची चूक त्याने उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं, मग निवाडा. नसाब नेहमी दुसऱ्यावर बोलावली जाते. बापूने ती स्वतःवर बोलावली. नायक म्हाताऱ्याला आधी समजेचना.

"तक्रार कोनाची?"

"मायी."

"कोनावर?"

"माह्यावर."

दुपारी लिंबाखाली सगळे जमले. बापू उभा राहिला आणि म्हणाला की पोट्ट्यांची डोकी पुस्तकांनी नाही, माझ्या गाडीने दुखवली. मी त्यांना विष खाऊ घातलं, मला माहीत नव्हतं, पण चूक माझी. आणि मग म्हणाला, "माह्या गाडीच्या सवाऱ्या त्या हायेत. त्याइलेच इचारा."

नसाबमध्ये मुली बोलत नाहीत. आम्ही कडेला उभ्या होतो. नायकाने त्या आठवीतल्या सगळ्यात लहान मुलीला जवळ बोलावलं.

"काय वो, शाळा नकोशी झाली का तुले?"

"मले शाळा पाह्यजे," ती म्हणाली. "मले खिडकी उघडी पाह्यजे."

माणसं हसली. पण हसणं संपल्यावर शेजारची काकू, जिने आग पहिल्यांदा पाहिली होती, उठून उभी राहिली. "जाळी वापस लावसान तं आग बी वापस येईन. तुया पोट्टीच्या डोस्क्यापाई आमचा कापूस जाळतं का?"

ती खोटं बोलत नव्हती. सगळ्यांची नजर बापूकडे.

तेवढ्यात बापूसोबत आलेला मिस्त्री उभा राहिला. तो तांड्याचा नव्हता, त्याला बोलायचा हक्क नव्हता, पण तो बोलला. "माजी गलती हाये. जाळी तापते, पण एवढी नाही तापत. एक प्लग मिस मारत होता, कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन जळत होतं. मी प्लग पाह्यलाच नाही, जाळीवर आळ घेतला. आन् जाळीखाली ताप अडवाले कंपनीचा एक पत्रा राह्यते, तो सडून पडला होता."

बापू म्हणाला, "प्लग बदलतो. पत्रा लावतो. भोकं बुजवतो. आन् गाडी तांड्यात आणतच नाही, बाहेर लावीन, फरशीवर."

"आन् जाळी?" नायकाने विचारलं. "ते तं फुटली."

"आणतो."

नायकाने निवाडा दिला: जाळी लागेपर्यंत मुली व्हॅनमध्ये बसणार नाहीत. मला वाटलं, संपलं. दहावीच्या मुलीची परीक्षा तोंडावर, आणि ज्या मुली एकदा घरी बसल्या त्या परत निघत नाहीत हे आम्ही घरातच पाहिलं होतं. मग आजा उठला. बापूचा बाप, सत्तरीच्या पुढचा. आमच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरवला, आजाने लहानपणी त्याचा शेवट पाहिलेला.

"आमच्या माणसाइनं मीठ नेलं, धान्य नेलं," तो म्हणाला. "मले काय सात पोट्ट्या नेता येत नाही? बंडी जुपतो."

बंडी म्हणजे बैलगाडी. दहा दिवस आजाने आम्हाला बंडीतून दारव्ह्याला नेलं. पहाटे निघायचं, अंगावर गोधड्या, मध्ये दप्तरं. बाजाराच्या जागेत तो बैल सोडून दिवसभर बसून राहायचा आणि संध्याकाळी परत. दारव्ह्याची पोरं ओरडायची, "ए, लग्नाले कोनाच्या चालल्या?" आजा चाबूक उंच करून उत्तर द्यायचा, "कालेजच्या लग्नाले! तू येतं का?" माझा पहिला तास रोज बुडायचा. सर तो मला दुपारी परत सांगायचे.

आणि बापू तेवढे दहा दिवस यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला होता, एमआयडीसीच्या बाजूला, एका भंगाराच्या आवारात. तिथे त्याने मिस्त्रीसोबत आमच्यासारखीच, अपघातात पुढून चेपलेली व्हॅन शोधली होती. तिचा सायलेन्सर जाळीसकट धड होता. आवारवाला म्हणाला, त्याचं मोल तुला झेपणार नाही. बापू म्हणाला, काम सांग. दहा दिवस त्याने ट्रकमधून लोखंड उतरवलं. हात सोलून निघाले. जिनिंगचा ड्रायव्हर म्हणून स्वच्छ शर्टात राहायची सवय असलेला माणूस, पण मी त्याला त्याबद्दल एकदाही बोलताना ऐकलं नाही. घरी आला तेव्हा काखेत सायलेन्सर, गोणपाटात गुंडाळलेला, जसं कुणी तान्हं मूल आणावं.

मिस्त्रीने तो बसवला आणि हातासरशी नवा प्लग लावला. सीटखालच्या भोकांवर पत्रा ठोकला. जाळीखाली लावायला बापूने तेलाच्या डब्याचा पत्रा स्वतः कापून, वाकवून दिला. तांड्याबाहेर, विहिरीच्या अलीकडे, गाडीपुरती जागा साफ केली आणि तिथे दगडी फरशा अंथरल्या. फरशा वाहायला सगळा तांडा आला होता. शेजारची काकूही आली. सगळ्यात जास्त फरशा माझ्या बहिणीने वाहिल्या, डोक्यावर दोन-दोन. मी म्हटलं, ताई, राहू दे. ती म्हणाली, "तू जाय, तुया अभ्यास पाह्य."

पहिल्या दिवशी बापूने गाडी फरशीवर लावली आणि काकूला हाताला धरून नेलं. "वाक. लाव हात पत्र्याले." काकूने पदर हाताला गुंडाळून भीतभीत हात लावला, मग पदर काढून लावला. "कोमटच हाये वो," ती म्हणाली, जराशी नाराज होऊन.

त्यानंतर रोज सकाळी बापूचा एक नेम ठरला. आम्हाला बसवण्याआधी तो गाडी सुरू करायचा, स्वतः मागच्या कोपऱ्यातल्या सीटवर जाऊन काचा बंद करून थोडा वेळ बसायचा, मग उतरून म्हणायचा, "चला." दुसऱ्या ड्रायव्हरांनी त्याला त्यावरून खूप चिडवलं. कुणाकुणाच्या गाड्या चढावर पुढे निघून जायच्या, जाळ्या काढलेल्या, आणि ते हॉर्न वाजवून विचारायचे, "काय भाऊ, पोट्ट्या घेऊन चालले का पापड?" बापू दुसरा गिअर टाकायचा आणि आपला आपण चढायचा. पुढे काही ड्रायव्हर गुपचूप येऊन त्या लोहाऱ्याच्या आवाराचा पत्ता विचारून गेले. बापूने सगळ्यांना सांगितला. मिस्त्रीने त्यानंतर कुणाची जाळी फोडली नाही. कुणी मागितलंच तर तो म्हणायचा, "आधी मांगं बसून या."

मी बापूकडून गाडी चालवायला शिकले नाही. एवढं मात्र शिकले की आपण चालवतो त्या गाडीत मागे बसून पाहावं लागतं. मला केमिस्ट्री सरांनी शिकवली, पण ती खरी आहे हे मला बापूने पुलाच्या कठड्याला धरून दाखवलं.

त्या वर्षी एकही मुलगी घरी बसली नाही. पुढे बाकीच्या सहाही जणी दहावी पास झाल्या, आणि माझ्यासकट चौघी बारावी. मी यवतमाळला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. पूर्ण केलं. आमच्या तांड्यातून पदवी घेणारी मी पहिली.